टेपचे दुसरे टोक

मोजणीच्या कामाला दोन माणसे लागतात. एक टेपचे टोक धरायला, दुसरा आकडा वाचायला. टोक धरणारा नीट टेकून बसला की टेपला हलकेच दोन झटके देतो. म्हणजे, मी तयार आहे, वाच. वाचणारा आकडा वहीत उतरवून एक झटका परत देतो. म्हणजे, झाले, सोड. मध्ये खांब आणि वळणे असली की ओरडण्यापेक्षा हे बरे पडते. त्यातून काही जागा अशा असतात की तिथे आवाज चढवायला जीभच रेटत नाही.

ही खूण तिला बाबांनी शिकवली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि दोघे मिळून घरच्या स्वयंपाकघराची लांबी मोजत होते, उगीच, रविवार होता म्हणून. बाबांची टेप जुनीपुराणी. टोकाची कडी कधीच तुटलेली आणि पहिले आकडे घासून पार गेलेले. म्हणून ते दहाच्या रेघेवर अंगठा ठेवून मोजायचे आणि शेवटी आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. नवी टेप घ्यायला कचेरी पैसे देत होती, पण यांना तीच हवी. माणसाला एकेक खूळ असते, त्याला इलाज नाही.

त्याच टेपने ते दर वाढदिवसाला तिची उंची मोजत. तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे करायचे, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवायची, रेघ मारायची, शेजारी तारीख आणि आकडा. दहाव्या वाढदिवसाला ते वजाबाकी करायला विसरले. आई चौकटीपाशी येऊन म्हणाली, “वर्षात सोळा सेंटिमीटर? पोरगी आहे की पडवळ?” त्यानंतर बाबा मुद्दामच दहा जास्त लिहू लागले. रेघ बरोबर जागी असायची, फक्त आकडा दहाने फुगवलेला. घरातली थट्टा ती. घराबाहेर कोणाला ती ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

ती सोळा वर्षांची असताना बाबा एका दुपारी मोजणीला गेले ते परत आलेच नाहीत.

आता ती सत्तावीस वर्षांची होती आणि जुन्या इमारतींचे नकाशे काढत होती. कचेरीत तिला सगळे मोजणीवाली म्हणत. तिच्या जोडीला टोक धरायला होता तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, सदा चहाच्या वासावर असलेला गृहस्थ. त्याचे नाव पडले होते टेपमास्तर. “माझं अख्खं आयुष्य शून्यावर अंगठा ठेवून गेलं, ताई,” असे तो ज्याला त्याला ऐकवायचा आणि स्वतःच हसायचा.

जुन्या शहरातल्या मोठ्या मशिदीचे काम निघाले तेव्हा तिने ते मागून घेतले. का, ते साहेबांना सांगितले नाही. बाबा गेले ते याच मशिदीतून.

गेले म्हणजे काय, हे मात्र अकरा वर्षांत कोणालाच नक्की सांगता आले नव्हते. नमाज संपल्यावर आत शिरताना रखवालदाराने त्यांना पाहिले होते. बाहेर पडताना कोणीच पाहिले नाही. पोलिसांनी रखवालदाराला आठ दिवस बसवून ठेवले, हाती काही लागले नाही म्हणून सोडले. मग नातेवाइकांनी निकाल लावून टाकला: कुठेतरी दुसरा घरोबा केला असणार. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. आई मात्र एकच म्हणायची, “तो येईल.” आणि या दोन उत्तरांच्या मध्ये मुलीचे आयुष्य अकरा वर्षे टांगणीला लागले होते. बाबा आपल्याला टाकून गेले, की त्यांचे काही बरेवाईट झाले? दोन्हींपैकी कुठलेही उत्तर चालले असते, पण एक हवे होते.

आता तर घाईही होती. तिला तिसरा महिना लागला होता. ही बातमी ती, नवरा आणि डॉक्टरीणबाई सोडून कोणाला ठाऊक नव्हती; बाईंनी डिसेंबरची नऊ तारीख दिली होती. आईला सांगायचे तिच्या जिवावर आले होते, कारण आई पहिला प्रश्न काय विचारणार ते तिला माहीत होते. आई म्हणाली असती, “बाबांना कसं कळवायचं?”

मशीद पाहून तिचा त्या जागेवरचा राग थोडा निवळला, हे कबूल करायला हवे. इतकी सुंदर इमारत तिने पाहिली नव्हती. आत अठ्ठेचाळीस खांब आणि एकासारखा दुसरा नाही. बांधणाऱ्याने चार दिशांचे कारागीर बोलावले आणि कोणालाच नमुना दिला नाही, ज्याला जे येत होते ते त्याने कोरले, असे सांगतात. एका खांबावर कमळे, एकावर द्राक्षांचा वेल, एकावर नुसत्या नागमोडी रेघा. आणि एकावर कोण्या गवंड्याने आपल्या सवयीने साखळीला लोंबती घंटा कोरली होती. साडेतीनशे वर्षांत ती खोडावी असे कोणाला वाटले नाही. घुमटाखालच्या सोळा खिडक्यांतून उजेड उतरायचा आणि दिवसभर खांबाखांबांवरून सरकत जायचा. अंगणात नाना धर्मांची कॉलेजची पोरे सावलीला अभ्यास करत बसत. त्यांना कोणी उठवत नसे, फक्त मोठ्याने पाठांतर केले तर रखवालदार खाकरत असे.

हा तोच रखवालदार. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, पांढऱ्या भुवयांचा. लोकांच्या चपला ठेवणे हे त्याचे मुख्य काम. लोक चपला काढत तशा काढत, हा प्रत्येक जोड उलटा फिरवून टाचा आत आणि टोके बाहेर करून मांडणीवर ठेवी, म्हणजे निघताना माणसाने नुसता पाय घालायचा.

पहिल्या दिवशी तिने सँडल दिल्या तेव्हा त्याने तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

“आधी कधी येणं झालं होतं?”

“नाही,” ती म्हणाली. डोक्याला रुमाल बांधताना तिची नजर सर्वांत खालच्या फळीवर गेली आणि तिथेच खिळली.

तिथे कोपऱ्यात तपकिरी बुटांचा एक जोड होता. डाव्या बुटाची शिवण उसवलेली आणि ती काळ्या दोऱ्याने घातलेली. तपकिरी बुटाला काळा दोरा फक्त तिच्या आईनेच घातला असता, घरात दुसरा नव्हता म्हणून. बूट अकरा वर्षांचे असतील असे मुळीच वाटत नव्हते. त्यांना त्याच सकाळी पॉलिश केलेले होते.

“हे कोणाचे, चाचा?” तिने आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

“आहेत एकाचे.” त्याने फळीवरची नसलेली धूळ झटकली. “तो आला की नेईल.”

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणणे कमीच झाले. तिला त्याच क्षणी खात्री झाली की या माणसाला सगळे माहीत आहे. बूट पोलिसांच्या ताब्यात असायला हवे होते, नाहीतर आईकडे. याच्याकडे काय म्हणून? आणि पॉलिश कशासाठी? पण डोळ्यांत तेल घालून पाहायचे आणि तोंड उघडायचे नाही, असे तिने ठरवले.

काम सरळ होते. उत्तरेच्या भिंतीला भेगा पडल्या होत्या. गुरुवारी सकाळी कंत्राटदाराचा पंप येणार आणि भिंतीत पातळ चुना भरणार होता. त्याआधी भिंतीचा नकाशा हवा, कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ ते दाखवणारा. मोजायची परवानगी दुपारच्या नमाजानंतर तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत, रोज दोन तास. सोमवार, मंगळवार, बुधवार.

सोमवारी तिने दोन गोष्टी टिपल्या. पहिली वहीत: दक्षिणेची भिंत एक मीटर जाडीची, उत्तरेची एक मीटर चौसष्ट. समोरासमोरच्या जुळ्या भिंती, आणि एक उगाच फुगलेली. दुसरी मनात: उत्तरेच्या भिंतीच्या टोकाला चटयांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या, पुरुषभर उंचीच्या, आणि त्या हलवायला चाचा तयार नव्हता.

“तिथं ओल आहे.”

“ओल असेल तर चटया तिथं कशाला ठेवता?”

“उद्या हलवतो,” तो म्हणाला आणि कानावर हात ठेवावेत तसा निघून गेला.

मंगळवारी त्या हलल्या नाहीत. उलट, काम आटोपून निघताना ती विसरलेली पेन्सिल घ्यायला परत आली, तेव्हा चाचा त्या चटयांच्या आड भिंतीला तोंड लावून उभा होता आणि हळू आवाजात बोलत होता. प्रार्थना नव्हती ती. “आज ऊन फार होतं,” असे काहीसे बोलला. मग थांबला. फोनवर समोरच्याला बोलू देताना माणूस थांबतो तितका वेळ थांबला. “हो,” म्हणाला. “आली आहे.”

ती पेन्सिल तिथेच टाकून बाहेर पडली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“काम कुठं चाललंय गं सध्या?”

“एका जुन्या इमारतीत.”

“जोडीला कोण असतं? टोक धरायला चांगला माणूस असावा. तुझे बाबा म्हणायचे, वाचणारा चुकला तर आकडा चुकतो, धरणारा चुकला तर इमारत चुकते.”

“माहीत आहे, आई,” ती म्हणाली.

बुधवारी तिने युक्ती केली. टेपमास्तरला म्हणाली, “चाचांना अंगणात चहा पाजा. अर्धा तास तरी उठू देऊ नका.” टेपमास्तरला असले काम म्हणजे आंधळा मागतो एक डोळा! त्याने विचारलेसुद्धा नाही, का म्हणून. ती कमळाच्या खांबाशी उभी राहिली आणि दोघे अंगणातल्या हौदाच्या कठड्यावर बसल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आत कोणी नव्हते. मग ती चटयांकडे गेली आणि एकेक गुंडाळी बाजूला सारू लागली.

मागे दगडी जाळी निघाली. हातभर रुंद, छातीच्या उंचीवर, आठ टोकांच्या चांदण्यांच्या नक्षीची. अशा जाळ्या हवेसाठी ठेवतात. मधली एक चांदणी तुटलेली होती, आत मूठ जाईल इतकी. तिथून गार हवा येत होती आणि तिला वास होता. ओलीचा नव्हे. नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा.

तर पोकळी होती. वाढीव चौसष्ट सेंटिमीटर हेच. भिंत एक नव्हती, दोन होत्या, आणि मध्ये माणूस आडवा चालू शकेल एवढी जागा. तिने डोळा लावला, पण आत अंधार होता. टॉर्चच्या उजेडात समोरचा दगड दिसला, बस. माणूस कोंबून ठेवायला जागा पुरेशी आहे, हा विचार आला.

पण कामाचे हात कामच करतात. पोकळीची खोली घ्यायला हवी होती. तिने कमरेची नवी टेप काढली आणि तिचे टोक तुटलेल्या चांदणीतून आत सरकवू लागली. हिशेब सोपा होता. बाहेरची भिंत गल्लीतल्या पन्हाळीच्या भोकाशी मोजली होती, पन्नास सेंटिमीटर. म्हणजे हॉलच्या बाजूने टेप आत घातली की पलीकडच्या दगडाला एक मीटर चौदावर आपटणार.

टेप सत्तर गेली, नव्वद गेली, एकशे दहा गेली. आपटली नाही. एकशे चोवीसवर ती थांबली. आपटल्यासारखी नाही. धरल्यासारखी.

मग टेप ताठ झाली आणि तिला दोन झटके बसले.

हलके, एकामागून एक. मी तयार आहे, वाच.

आता सांगताना सोपे वाटते की तिने ओरडायला हवे होते, टेप सोडून पळायला हवे होते. पण अठरा वर्षांची सवय होती ती. डोके काही समजायच्या आत डोळ्यांनी आकडा वाचला, डाव्या हाताने वहीत १२४ लिहिले, आणि उजव्या हाताने एक झटका परत दिला.

झाले, सोड.

टेप सुटली. सळसळत परत आली आणि डबीत शिरली.

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. वहीतला आकडा तिच्यासमोर होता. एकशे चौदा यायला हवे होते. दहा जास्त कुठून आले? नवी कोरी टेप, कडी शाबूत. असे दहा जास्त कधी येतात? आत धरणाऱ्याने शून्य सोडून दहाच्या रेघेवर अंगठा ठेवला तरच येतात. साऱ्या जगात असे एकच माणूस करत होता.

त्याच वेळी तिच्या डोक्याला काहीतरी लागले. रुमालावरून, अगदी हलके, सपाट. क्षणभर टेकले आणि उचलले गेले. तिने वर पाहिले. काही नव्हते. चुन्याचा पोपडा पडला असेल, असे तिने स्वतःला सांगितले, पण जमिनीवर पोपडा नव्हता.

ती अनवाणीच अंगणात धावली. दोघे होते तिथेच बसले होते.

“हे उठले होते का?” तिने टेपमास्तरला विचारले.

“कुठले? चाचांनी दुसरा कपसुद्धा संपवला नाही अजून. ताई, काय झालं? तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं.”

चाचाने तिच्या हातातल्या टेपकडे पाहिले, मग कप खाली ठेवला.

“दोन आले?” त्याने विचारले.

तिचा तीन दिवसांचा संशय तिच्या तोंडावर आला. “तुम्हाला कसं माहीत? कोण आहे आत? माझ्या वडिलांना तुम्ही काय केलंत?”

टेपमास्तर उठून उभा राहिला. चाचा मात्र बसूनच होता.

“मला पहिल्याच दिवशी कळलं तू कोण ते,” तो म्हणाला. “बापाचं नाक आहे तुझं. बेटी, मी त्यांना चहा विचारला होता त्या दुपारी. म्हणाले, एवढं एक माप घेतो आणि येतो. जोडीदार आला नव्हता त्यांचा. मी म्हटलं, एकट्यानं कसं मोजणार? तर म्हणाले… आत कोणीतरी टोक धरतंय, दोन झटके देतंय.”

“कोण?”

“ते मी विचारलं नाही. वाटलं, असेल त्यांचा माणूस.” त्याने कोरडे ओठ पुसले. “दुसऱ्या दिवसापासून जाळीतून आवाज यायला लागला. टेप ओढल्याचा. पोलिसांना सांगितलं. त्यांनी टॉर्च मारली, आत काही नाही. मला म्हणाले, म्हातारा वेडाचं सोंग घेतोय. भिंत ऐतिहासिक, फोडायला परवानगी मिळेना. नमाजाला आलेली लोकं बिचकतील म्हणून मी चटया लावल्या. आणि रोज दोन शब्द बोलतो. एकटं माणूस, कोणाला तरी…”

“बूट? बूट का ठेवलेत तुम्ही?”

“मी नाही ठेवले. तुझी आई आली होती, महिन्याभरानं. मी बूट तिच्या हातात दिले तर तिनं परत फळीवर ठेवले. म्हणाली, आला की हेच घालून येईल, तोवर असू देत. दरवर्षी येते ती. तुला सांगितलं नाही तिनं?”

नव्हते सांगितले. तिला एकदम स्वतःची लाज वाटली, इतकी की चाचाच्या डोळ्यांकडे बघवेना. ज्या माणसाने अकरा वर्षे तिच्या बापाच्या बुटांना पॉलिश केले, त्याच्यावर ती तीन दिवस पाळत ठेवून होती.

“उद्या चुना भरणार आहेत,” ती शेवटी म्हणाली. “मी पोकळी दाखवते नकाशात. भिंत उघडायला लावते. बाबा आहेत तिथं, चाचा. दहावर अंगठा होता.”

तेव्हा मात्र चाचा उठला आणि तिच्या जवळ आला, टेपमास्तरला ऐकू जाऊ नये इतका.

“दाखव. दाखवायलाच हवं. पण एक ध्यानात ठेव. बापच आहे असं मी कधी म्हटलं नाही. दोन झटके येतात, एवढंच मला माहीत आहे. तुझ्या बापालाही ते असेच आले होते… त्यांनाही वाटलं, धरणारं कोणी ओळखीचंच आहे.”

तिने पोकळी नकाशात दाखवली. पंप परत गेला, पत्रे आली-गेली, आणि अडीच आठवड्यांनी एका भर दुपारी गल्लीच्या बाजूने चार दगड काढायची परवानगी मिळाली. मोजणीवाली म्हणून तिला हजर राहावेच लागले. गवंड्याने दगड सैल करून उतरवले आणि साहेबांनी आत पहिली टॉर्च मारली.

“काही नाही,” ते म्हणाले. “रिकामी आहे.”

खरेच रिकामी होती. दोन्ही टोकांना बंद, वर बंद, दार नाही, खिडकी नाही. हाडे नव्हती, कपडा नव्हता. जमिनीवर पिठासारखी धूळ आणि तिच्यावर उंदराचेही पाऊल नाही. ही सुटका होती की निराशा, तिलाही सांगता आले नसते.

“हे काय खरडलंय?” साहेबांनी टॉर्च समोरच्या भिंतीवर फिरवली. “जुन्या गवंड्यांच्या खुणा दिसतात. ताई, बघून घ्या जरा. मग सांगा, भरायची की ठेवायची. मी पंपवाल्याला फोन लावतो.”

ती कमरेपर्यंत आत वाकली. समोर होती ती हॉलच्या भिंतीची पाठ, जाळीच्या अगदी बाजूला, जिथे ती त्या बुधवारी टेकून उभी राहिली होती. त्या दगडावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. शेजारी तारखा, आकडे. चारचा मधला भाग न मिटवता लिहायची बाबांची सवय, सातला आडवी दांडी.

सर्वांत खालची रेघ, तिचा सतरावा वाढदिवस, १६६. वर अठरावा, १६७. मग १६८, १६८, १६८, वर्षामागून वर्ष, एकाच रेघेवर रेघ मारून ती जाड झालेली. तिची उंची एकशे अठ्ठावन्न होती. त्या वाढदिवसांना ती इथे नव्हती, घरी होती, वसतिगृहात होती, एकदा तापाने अंथरुणात होती. शेवटची तारीख वाढदिवसाची नव्हती. त्या बुधवारची होती. तिने बोट लावले तर बोट काळे झाले.

ती रडली, तोंडात टॉर्च धरून, आवाज न करता. टाकून गेले नव्हते. हे तर नक्की झाले, टाकून गेले नव्हते. आईला आज सांगता येईल. दोन्ही गोष्टी सांगता येतील, बाबांची आणि बाळाची.

डोळे पुसताना टॉर्च खाली झुकली आणि तिला दुसरी रांग दिसली.

वीतभर अंतरावर, वेगळी. तिच्यात एकच रेघ होती, खाली, गुडघ्याच्या उंचीला. शेजारी आकडा ६१. नावाच्या जागी काही नाही. तारीख होती, त्याच अक्षरातली: सहा डिसेंबर. यंदाची. यायला अजून सहा महिने होते.

तिने दोन्ही हात पोटावर घेतले. एकसष्टातून दहा गेले की एक्कावन्न. नुकते जन्मलेले मूल एवढेच असते.

“ताई? काय करायचं?” साहेब गल्लीतून म्हणाले. “भरायची का?”

“थांबा,” टॉर्च हातात घेऊन ती म्हणाली. “एक माप घेते.”

रेघ खरेच एक्कावन्नावर आहे का, एवढेच पाहायचे होते. कदाचित ती एकसष्टावर असेल, कदाचित एखाद्या जुन्या गवंड्याचीच असेल. तिने टेप काढली आणि टोक भिंतीलगत खाली सोडले, धुळीत टेकेपर्यंत. उजेड रेघेवर होता, खाली अंधार होता. तिने रेघेशी आकडा वाचला.

एकसष्ट.

तिने टेप थोडी वर ओढून पाहिली. ती वर येईना. आणि मग खालून, तिच्या वाकलेल्या पोटाच्या अगदी खालून, हलकेच दोन झटके आले.

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारले. एक झटका परत दिला की टेप सुटणार होती. सुटून काय मोकळे होणार होते, ते तिला कळत नव्हते. ती तशीच टेप धरून वाकून उभी राहिली, आणि तिने तो दिला नाही.